एका परसाची लांबी

पेट्रोलियम अभियांत्रिकीच्या आमच्या वर्गात एकर म्हणजे केवढा, हे डोळ्यांसमोर आणू शकणारी मी एकटीच होते. भूगर्भातील तेलसाठा मोजण्याचे पहिले सूत्र फळ्यावर आले, तेव्हा त्यात एक आकडा होता: सात हजार सातशे अठ्ठावन्न. एक एकर क्षेत्रावर एक फूट उंचीचे तेल उभे केले, तर इतकी बॅरल भरतात. शहरांतून आलेली मुले तो आकडा पाठ करत होती. मी मात्र मनाने निरवांगीच्या आमच्या रानाच्या बांधावर उभी होते आणि चाळीस गुंठ्यांवर, घोट्याच्या वर येईल असे काळे तेल भरत होते. इतर सगळ्यांसाठी एकर हा पुस्तकातला शब्द होता. मी तो उन्हाळ्यात अनवाणी चालून मोजलेला होता.

त्यामुळे एककांच्या बाबतीत मला गर्व होता, हे आधीच सांगून टाकते. घनफुटांचे बॅरल, बॅरलचे लिटर, पौंडांचे किलो ही रूपांतरे मी तोंडी करत असे. आमचे एक प्राध्यापक एकक न लिहिलेले उत्तर सरळ खोडत. चार वर्षांत माझे एकही उत्तर त्या कारणासाठी खोडले गेले नाही. ज्या चुकीबद्दल मी लिहिते आहे, ती एककाचीच आहे.

पदवी झाल्यावर मी बारामतीत खोली घेऊन राहिले होते. सकाळी आठपासून रात्रीपर्यंत अभ्यासिकेत बसायचे आणि एका तेल कंपनीच्या निवड परीक्षेची तयारी करायची. मार्चच्या मध्यावर दोन दिवसांसाठी घरी गेले, तेव्हा वडिलांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, चहा होण्याआधीच विषय काढला.

"तेल मोजाया शिकलीस न्हवं? आता हिरीतलं पाणी मोजून दे."

घरची परिस्थिती अशी होती. तात्यांची दोन एकर डाळिंबाची बाग. शेजारी माझ्या धाकट्या काकांची एक एकर, तीही डाळिंबाचीच. काका जाऊन दोन वर्षे झाली होती. बाग त्यांनी जाण्याच्या आदल्या वर्षी लावली, प्रत्येक खड्डा स्वतः घेऊन, आणि मी सांगते आहे त्या वर्षी तिला पहिला बहर आला होता. काकूला मूलबाळ नाही. ती त्याच घराच्या दुसऱ्या दारात राहते आणि बाग एकटीने सांभाळत होती. दोन्ही बागांना पाणी एकाच सामाईक विहिरीचे. कालव्याला आवर्तन सुटले की पाझराने विहीर भरते, आणि त्या वर्षी पुढचे आवर्तन साठ दिवस तरी सुटणार नव्हते. विहिरीतले पाणी तेवढे दिवस तिन्ही एकरांना पुरेल का, हा प्रश्न होता. पुरणार नसेल तर काय करायचे, हे त्याच आठवड्यात ठरवायला हवे होते, कारण फळ धरलेले होते.

आणखी एक गोष्ट येथे सांगायला हवी. आमच्याकडे थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत. तात्या ओसरीवर असले की काकू उंबऱ्याच्या आत उभी राहते. जे सांगायचे ते तिसऱ्याच्या तोंडून जाते. आधी हे काम काका करत, त्यांच्यानंतर आई, आणि मी घरी असले की मी. दोघांमध्ये कधी वितुष्ट नव्हते. फक्त त्यांचे प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी हातून जात असे.

मी कामाला लागले. खरे तर मला आनंद झाला होता. इतकी वर्षे कागदावरचे साठे मोजले होते, आता एक खरा साठा समोर होता, ज्याच्या काठावर उभे राहता येत होते. विहिरीचा घेर मी टेप तुकड्यातुकड्याने फिरवून मोजला. व्यास निघाला चाळीस फूट. पंप बंद ठेवून चोवीस तासांत पाणी किती चढते ते पट्टीने पाहिले. सव्वा इंचाहून थोडे अधिक, म्हणजे दिवसाला सुमारे चार हजार लिटर आवक. तळातले शेवटचे दोन फूट पाणी पंपाला उचलता येत नाही, ते मी वजा केले. तेलाच्या साठ्यातही सगळे तेल कधीच वर येत नाही, आणि जे येणार नाही ते आधीच वजा करणारा अभियंता चांगला समजला जातो.

राहिली पाण्याची खोली. घरातला टेप पाच मीटरचा, तो तळापर्यंत जाणार नव्हता. तात्यांनी पंपाच्या खोलीतून एक जुना दोर आणला, टोकाला दगड बांधलेला. दोराला ठराविक अंतरावर गाठी होत्या. तात्यांनी तो सोडला, वर ओढला आणि ओल्या भागातल्या गाठी मोजल्या.

"सा परस."

"परस म्हणजे किती फूट?"

"परस म्हंजी परस. येक पुरुष बुडंल येवढा."

"तात्या, पुरुष कोणता? पाच फुटांचा की सहा?"

"आता बापाची उलटतपासणी घीती का? कुनाला तरी फोन लाव."

मी भिगवणच्या एका विहीर खोदणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला. त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "ताई, पाच फुटाचा परस. आमी सगळीकडं पाचच धरतो." मी वहीत लिहिले: एक परस बरोबर पाच फूट. खाली स्रोतही लिहिला. त्या वेळी मला माझ्या काटेकोरपणाचे कौतुक वाटले. खोदणाऱ्यांची मजुरी परसावर ठरते, म्हणून त्यांचा परस आखूड असतो, ही साधी गोष्ट मला फार नंतर सुचली.

दुपारी मी काकूच्या स्वयंपाकघरात बसून आकडेमोड केली, कारण तिथे सावली जास्त असते. काकू गवार मोडत होती. मी गंमत म्हणून विहीर आधी बॅरलमध्ये मोजली आणि तिला सांगितले, "काकू, तुमच्या विहिरीत सहा हजार दोनशे सदुसष्ट बॅरल आहेत."

"तेल आसतं तर भाजीला फोडनी तरी दिली आसती," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने वहीकडे न बघता विचारले, "मोजलं कशानं?"

"पंपाच्या खोलीतल्या दोराने."

"त्यो ह्यांनी बांधलेला हाय. ह्यांचा परस लांब व्हता बाई. हात वर करून मापायचे. भावजींच्या कानावर घाल तेवढं."

"हो, घालते," मी म्हणाले.

मी तिच्याकडे पाहिले होते, हे मला आठवते. दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेली बाई नवऱ्याच्या उंचीची आठवण काढते आहे, असे मला वाटले, आणि मनातल्या मनात मी हळवीही झाले. वहीतल्या पाचाच्या आकड्याशी या वाक्याचा काही संबंध असेल, असे माझ्या डोक्यात आले नाही. मी लिटरच्या स्तंभाकडे वळले. तात्यांच्या कानावर ते मी घातले नाही. मी विसरले असे म्हणणे सोयीचे आहे, पण खरे नाही. मला ते सांगण्याजोगे वाटले नाही.

उत्तर असे आले. विहिरीतला उपसता येईल असा साठा सुमारे दहा लाख लिटर. साठ दिवसांची आवक दोन लाख चाळीस हजार. एकूण बारा लाख चाळीस हजार. ठिबकवर एकराला रोज नऊ हजार लिटर धरले, तर तिन्ही एकरांना साठ दिवसांत सोळा लाख वीस हजार लागतात. तात्यांच्या दोन एकरांना दहा लाख ऐंशी हजार.

संध्याकाळी मी ओसरीवर उत्तर वाचून दाखवले. तात्या बाजेवर, काकू उंबऱ्याच्या आत, मी मध्ये.

"सगळ्यांना पुरत नाही. वाटून घेतलं तर दोन्ही बागांची फळं जातील, कारण ठरावीक पाण्यापेक्षा कमी मिळालं तर फळ टिकत नाही. एकच बाग वाचवायची असेल तर मोठी वाचते, आणि थोडी शिल्लक राहते."

तात्या बाजेची दोरी बोटाने ओढत राहिले. मग म्हणाले, "तिला इचार."

काकूने ऐकलेच होते. ती आतून मला म्हणाली, "आकडा बरूबर हाय न्हवं तुझा?"

"बरोबर आहे."

"दोनदा केलास?"

"तीनदा केला."

"मग मोठी बाग राखा म्हनावं. माझं काय, पुढच्या साली बहर धरीन."

मी हे वाक्य तात्यांपर्यंत पोहोचवले. त्यांनी मान खाली घातली आणि माझ्याकरवी सांगितले की फळ निघाले की तिसरा हिस्सा तिचा. दुसऱ्या दिवशी काकूच्या बागेचा व्हॉल्व्ह बंद झाला. मी दुपारच्या एसटीने बारामतीला परतले. वाटेत मी खिडकीतून बाहेर पाहत होते आणि मला समाधान वाटत होते. एक अवघड निर्णय भावनेवर न जाता आकड्यावर झाला, असे मी त्या रात्री मैत्रिणीला फोनवर सांगितलेसुद्धा.

नंतरचा महिना मी अभ्यासिकेत काढला. घरून कळत होते की काकूच्या झाडांची फळे पंधरा दिवसांत गळून गेली. झाडे तरी जगावीत म्हणून ती प्यायच्या पाण्याच्या नळावरून घागरी भरून आणते आणि विहिरीजवळच्या दोन ओळींना बुडाशी ओतते. दोन ओळींना पुरेल इतकेच तिच्या अंगात बळ होते.

तिसाव्या दिवशी तात्यांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती.

"दोर टाकला व्हता. सव्वाचार परस हाय अजून, वरच चार बोटं."

मी वही उघडली. माझ्या हिशेबाने त्या दिवशी साडेतीन परसांच्या थोडेच वर पाणी असायला हवे होते.

"मग काकूच्या बागंला दोन दिवस सोडू का? फळं तर ग्येली. झाडं तरी राहतील. पानं करपाया लागल्यात."

येथे मी काय केले ते नेमके लिहायचे आहे. प्रत्यक्ष मोजमाप आणि हिशेब जुळत नसेल, तर हिशेबातला एखादा आकडा चुकलेला असतो. कोणता, हे शोधावे लागते. आमच्या क्षेत्रात यातली वाईट सवय सर्वांना ठाऊक आहे: जो आकडा दिसत नाही, तो हवा तसा बदलायचा आणि रेषा जुळवून घ्यायची. मी आवकेचा आकडा वाढवला. खालचे झरे मोकळे झाले असतील, पाणी उतरले की आवक वाढते, असे कारणही मला लगेच सापडले. रेषा जुळली. आवक मी स्वतः पट्टीने मोजली होती, तरी तिच्यावरच मी संशय घेतला. परसाचा आकडा मी दुसऱ्याकडून फोनवर घेतला होता, आणि त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"नको, तात्या," मी म्हणाले. "झरे आज चालतात, उद्या आटतील. आवर्तन दहा दिवस लांबलं तर तुमचीही बाग जाईल. ठरलंय ते बदलू नका."

"तू म्हनतीस तर ऱ्हाऊ दे."

"आणि मला उद्या पेपर आहे."

"व्हय, व्हय. अभ्यास कर. मी उगं फोन केला."

परीक्षेत पहिलाच प्रश्न साठा मोजण्याचा होता. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, थराची जाडी मीटरमध्ये आणि उत्तर बॅरलमध्ये मागितलेले. मी तो चार मिनिटांत सोडवला. माझी निवड झाली.

आवर्तन अंदाजाप्रमाणे साठ दिवसांनी सुटले. कालव्याचे पाणी विहिरीत पाझरण्याआधी तात्यांनी शेवटचा दोर टाकला. मी तेव्हा घरी होते. ओल्या भागात दोन गाठी पूर्ण होत्या आणि तिसरी थोडक्यात कोरडी राहिली होती. पावणेतीन परस. माझ्या वहीत सव्वा होता.

तात्या खूश होते. "पानी राहिलं की गं पोरी," ते म्हणाले आणि बागेकडे गेले. मी दोर उन्हात पसरला आणि त्या दिवशी, पहिल्यांदा, दोन गाठींमधल्या अंतरावर टेप लावला. सात फूट तीन इंच. पुढची गाठ, सात फूट तीन इंच. सगळ्या गाठी तशाच, अर्ध्या इंचाचाही फरक नाही. काका कामाला चोख होते.

मी तिथेच बसून, पेन न उचलता, आकडा पुन्हा केला. सहा परस म्हणजे तीस फूट नव्हे, साडेत्रेचाळीस. तळातले दोन फूट वजा. साठा चौदा लाख सत्त्याहत्तर हजार लिटर. आवक धरून सतरा लाखांच्या वर. तिन्ही एकरांना हवे होते सोळा लाख वीस हजार. पुरत होते. दोन्ही बागांना, फळांसकट, शेवटच्या दिवसापर्यंत पुरत होते. पुरून वर उरत होते.

काकूची बाग मी बसले होते तिथून दिसत होती. नळाच्या पाण्यावर जगलेल्या दोन ओळी हिरव्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे सगळे सरपण.

तात्या परत आल्यावर मी त्यांना सांगितले. आकड्यांपाशी ते थांबले नाहीत. ते दोराकडे बघत म्हणाले, "ह्यो त्याचा हाय? मला वाटलं आमच्या आबाचा, तुज्या आज्याचा, जुना. कुनी सांगितलं तुला?"

"काकूनं. तुम्हाला सांगायला सांगितलं होतं."

"कवा?"

"त्याच दुपारी."

मला वाटले ओरडतील. ओरडले असते तर बरे झाले असते. "मला म्हाईत आसतं," ते म्हणाले, "तर मी पाच धरून दिलाच नसता. त्याचा हात कुठवर जायचा, ह्ये मला ठावं न्हाय व्हय?" मग उठताना म्हणाले, "तिला बोलू नगं. झालं त्ये झालं."

मी ऐकले. तात्यांनी सांगितले म्हणून ऐकले असे नाही. मला ते सोयीचे होते. पावसाळ्यात काकूच्या वाळलेल्या झाडांपैकी काहींना बुडातून धुमारे आले, पण दुबळ्या झाडांना मर रोग लागला आणि तीही गेली. तिने पुन्हा बहर धरण्याचा विषय काढला नाही. तात्यांनी तिसरा हिस्सा माझ्या आईच्या हाती पाठवला, तो तिने घेतला. माझे नेमणुकीचे पत्र आले तेव्हा तिने मला शिरा करून घातला. मी तो खाल्ला.

डिसेंबरात, मी रुजू व्हायला निघण्याच्या दोन दिवस आधी, तिच्या रानात जेसीबी आला. सकाळपासून झाडे उपटली जात होती. नळाच्या पाण्याच्या त्या दोन ओळीही तिने ठेवल्या नाहीत. एवढ्याशा ओळींसाठी फवारा कोण मारणार, असे ती ड्रायव्हरला म्हणाली. पुढच्या सोमवारपासून ती लोणी देवकरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणार होती. कंपनीची बस सकाळी फाट्यावर येते. रान तात्यांना वाट्याने दिले होते.

ती बांधावर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. जेसीबी टोकाला गेल्यावर आवाज कमी झाला, तेव्हा म्हणाले, "काकू, पाणी पुरलं असतं."

"ठावं हाय."

मी तिच्याकडे पाहिले.

"कालवा सुटायच्या आदल्या दिशी हिरीत वाकून बघितलं," ती म्हणाली. "डोळं हायेत की मला."

"तुम्ही मला सांगितलं होतं. लांब परसाचं."

"सांगितलं व्हतं."

"मग नंतर विचारलं का नाही? मी आकडा वाचला तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

"तीनदा केला म्हनलीस. म्हनलं, शिकलेली पोर हाय, धरलं आसंल तिनं हिशोबात."

मी माफी मागितली, ते शब्द फार लहान होते आणि जेसीबी परत येत असल्यामुळे तिला ऐकूही गेले की नाही, माहीत नाही. तिने हाताने ड्रायव्हरला पुढची ओळ दाखवली. मग मला विचारले, "त्यो दोर कुठं हाय?"

"पंपाच्या खोलीत."

"घिऊन ये."

मी आणला. तिने दगड सोडून बाजूला टाकला. दोराची एक गाठ तिने पायाखाली दाबली, दोर अंगाला लावून वर ओढला आणि हात उंच केला. पुढची गाठ कुठे येते हे तिला पाहायचे होते. टाचा उचलल्या, बोटे ताणली, तरी गाठ तिच्या बोटांच्या पलीकडे, तिच्या आवाक्याबाहेर, वाकून लोंबत राहिली. तिचा हात जिथे संपत होता तिथून त्या गाठीपर्यंत दीड वीत अंतर असेल. ते मी मोजले नाही.

"ह्यांचा हात हितवर यायचा," ती गाठीकडे बघत म्हणाली.

मग तिने हात खाली घेतला, दोर कोपरावर गुंडाळला, शेवटचे टोक आत खोवले आणि ती वेटोळी काखेत धरून घराकडे निघाली. दोन पावलांवर थांबून, माझ्याकडे न वळता म्हणाली, "भावजींना सांग, दोर मी नेला. तुमच्याकडं टेप हाय."

हा निरोप मी तात्यांना जसाच्या तसा सांगितला.